पुश झालेला कमिट पुसायची मुभा गिटनं द्यावीच काऊन?

मंगरूळचा_काटा

राजेहो, एक वाद निकाली काढून द्या. नागपूरचा पार्टनर आणि मी, दोघंही आता एकमेकाचं ऐकायच्या पलीकडं गेलो आहोत.

आमचं काम असं. वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीरकडं एक शेतकरी उत्पादक कंपनी हमीभावानं सोयाबीन अन् तूर खरेदी करते. तिचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं सांभाळतो. मी गावात, पार्टनर नागपूरले, आणि एक पोरगा, जो खरेदीच्या दिवसांत काट्यावर बसते अन् बाकीचं वर्ष कारंज्याले कॉलेज करते. कोडचे बदल आम्ही गिट या टूलमध्ये ठेवतो: एकेक नोंदवलेला बदल म्हणजे कमिट, अन् तो सर्व्हरवर पाठवणं म्हणजे पुश. कोड भाड्याच्या सर्व्हरवर एका बेअर रेपोत, म्हणजे नुसती हिस्टरी साठवणाऱ्या कोठारात, आहे. तिघंही थेट मेनवर, म्हणजे कमिटच्या मुख्य रांगेवर, पुश करतो, वेगळी रांग म्हणजे ब्रँच काढायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

२०२४ चा हंगाम उरकल्यावर पार्टनरले साफसफाईची हुक्की आली. त्यानं सॉफ्ट रिसेट मारून दसऱ्यापासूनचे सगळे कमिट एकात गुंडाळले, मेसेज दिला "खरीप हंगाम पूर्ण", आणि फोर्स पुश, म्हणजे सर्व्हरवरचं जुनं बाजूला सारून जबरदस्तीनं पुश, करून मोकळा. मी पुल कराले, म्हणजे सर्व्हरवरचं खाली घ्याले, गेलो तं गिट म्हणते, तुमची अन् सर्व्हरची वाट वेगळी झाली. मले वाटलं सर्व्हरच बसला.

गेलं काय, ते सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्के केली. खरेदी चालू असतानाच, आणि फक्त त्या हंगामापुरती. आमच्या पोरानं लगेच काट्यावरच्या ॲपमधली तपासणी बदलली आणि कमिटच्या मेसेजमध्ये सगळं ओळीनं लिहून ठेवलं: कोणत्या निर्णयावरून बदललं, कोणकोणत्या स्क्रीनवर बदललं, आधी परत पाठवलेला माल पुन्हा आला तं त्याची नोंद कशी घ्यायची. इतका चांगला मेसेज मी तरी कधी लिहिला नाही. आता नवीन आदेश येईपर्यंत मर्यादा परत १२ करून ठेवायची म्हणून बसलो. तो कमिट असता तं एक रिव्हर्ट (त्याच कमिटचा उलटा बदल) मारला असता अन् चहा प्यायला गेलो असतो. आता ब्लेम (कोणती ओळ कोणी बदलली त्याची यादी) पाहा तं प्रत्येक ओळीवर पार्टनरचं नाव अन् "खरीप हंगाम पूर्ण". चार ठिकाणी १५ आहे. त्यातला ओलाव्याचा कोणता अन् पावतीच्या समासाचा कोणता, हे हुडकत बसा.

पोराचं नावही गेलं त्यात. त्याले यंदा नोकरीसाठी कोणाले दाखवायचं होतं की हे मी केलं.

पार्टनरची बाजूही सांगतो, नाही तं म्हणाल एकाच कानानं ऐकवून राह्यला. आमच्याकडं दिवसा लाइनचा भरवसा नाही. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालेली. लाइन गेली की आहे तसं कमिट करून पुश करायची आम्हाले सवय लागली. त्यामुळं हिस्टरीत "लाइन गेली", "पुन्हा", "चालते का पाहा" असले मेसेज ढिगानं होते. त्यातले अर्धे कमिट बिल्डही होत नाहीत, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रामच बनत नाही. बिघाड कोणत्या कमिटपासून आला ते शोधाले बायसेक्ट लावला की त्याच कचऱ्यात अडकते. तो म्हणते, ही हिस्टरी नाही, उकिरडा आहे. अन् टूलनं साफ करायची सोय दिली ती वापराले दिली.

माझं म्हणणं एवढंच: माझ्या लॅपटॉपवर मी कमिट तोडीन, जोडीन, उलटे टांगीन. पण एकदा पुश झाला की तो माझ्या एकट्याचा राहत नाही. मंग ही गोष्ट माणसाच्या लक्षात राहण्यावर काऊन सोडायची? टूलनंच का अडवू नये?

---

ऑरेंजसिटी_डेव्ह

भाऊ, यात गिटचा काय दोष? फोर्स पुश मारायला बोटं लागतात. मेन ब्रँच प्रोटेक्टेड करून ठेवा, विषय संपला. दुसरं म्हणजे ओलाव्याची मर्यादा कोडमध्ये लिहितातच कशाला? डेटाबेसच्या टेबलमध्ये ठेवा, सोबत लागू तारीख टाका.

---

मंगरूळचा_काटा

टेबलात आहेच ना भाऊ, लागू तारखेसकट. पण काट्यावर रेंज नसली तरी पावती निघाली पाह्यजे, मागं ट्रॅक्टरची रांग उभी असते. म्हणून तीच तपासणी ॲपमध्येही आहे. प्रोटेक्टेड ब्रँचचं बटण वेबसाइटवर होस्ट केलेल्या रेपोले असते, आमचा निव्वळ बेअर रेपो आहे. अन् बटण शोधून आपण दाबायचं, तोवर सगळं उघडं, हेच तं मी विचारून राह्यलो.

---

वर्धाकाठची

वादावर नंतर येते. आधी कमिट वाचवा, कारण त्याला मुदत असते.

फोर्स पुशने जुने कमिट लगेच मरत नाहीत. कोणत्याही ब्रँचवरून पोहोचता येत नाही, एवढंच त्यांचं होतं. तुमच्या लॅपटॉपवर ओरिजिन/मेनचा (सर्व्हरवरच्या मेनची तुमच्याकडची खूण) रेफलॉग बघा. ती ब्रँच आधी कुठे होती त्याची यादी मिळेल. त्यातल्या जुन्या हॅशवर (कमिटच्या ओळखक्रमांकावर) आजच एक ब्रँच काढून ठेवा. अशा अनाथ नोंदी रेफलॉग साधारण ३० दिवस सांभाळतो (पोहोचता येणाऱ्यांसाठी ९० दिवस), त्यानंतर कधीतरी कचरा गोळा करणारी प्रक्रिया त्या उचलते. सर्व्हरवर शोधण्यात वेळ घालवू नका, बेअर रेपोत रेफलॉग मुळात बंदच असतो. ३० दिवस उलटले असतील तर ज्याने अजून पुल केलेलं नाही असा कुणाचा तरी क्लोन, म्हणजे रेपोची प्रत, शोधा. प्रत्येक क्लोनमध्ये तेव्हापर्यंतची सगळी हिस्टरी असते.

सापडल्यावर एक पथ्य पाळा: मेन जागेवर आणायला तुम्हीही फोर्स पुश मारू नका. जुनी ब्रँच नव्या नावाने सर्व्हरवर ढकला. रिव्हर्ट करायला तो कमिट मेनच्या हिस्टरीत असावाच लागतो असं नाही. रेपोत असला की त्याचा उलटा बदल मेनवर लावता येतो.

आता वाद. "हिस्टरी बदलली" असं आपण म्हणतो, पण गिटमध्ये कमिट बदलताच येत नाही. फाइलींचा ट्री, मागच्या कमिटचा हॅश, लेखक, तारीख, मेसेज, या सगळ्यांवरून त्याचा ४० अक्षरी हॅश निघतो. मेसेजमधला एक काना बदलला तरी नवा कमिट तयार होतो आणि त्याच्या पुढचे सगळे नव्याने बनतात. जुनी साखळी तशीच पडून राहते. तुमच्या पार्टनरने प्रत्यक्षात केलं काय, तर "मेन" हे नाव जुन्या साखळीवरून उचलून नव्या कमिटवर ठेवलं. म्हणून खरा प्रश्न असा आहे की सामायिक नाव मागे सरकवायची परवानगी कोणाला असावी.

गिटने ती मोकळी का ठेवली यालाही कारण आहे. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिनक्स कर्नलसाठी लिहिलं, तोवर वापरात असलेलं बिटकीपर हे टूल फुकट वापरता येणं बंद झाल्यावर. कर्नलमध्ये पॅच ईमेलने जातात. तिथल्या मेंटेनरला तुम्ही किती वेळा ठेचकाळलात ते बघायचं नसतं. एका पॅचमध्ये एकच बदल, प्रत्येक पायरीवर बिल्ड होणारा, असा संच त्याला हवा असतो. तो घडवायला रिबेस, म्हणजे कमिटची रांग नव्याने रचणं, लागतोच. पण हे सगळं पाठवण्याआधी. दुसऱ्याने ज्यावर काम सुरू केलं ते हलवायचं नाही, हा संकेत तिथेही कडक आहे.

संकेत टूलमध्येच आणता येतो, हे मर्क्युरियल या गिटसारख्याच टूलने दाखवलं. तेही त्याच महिन्यात सुरू झालं. २०१२ च्या २.१ आवृत्तीपासून त्यात प्रत्येक बदलाला अवस्था असते: सीक्रेट, ड्राफ्ट, पब्लिक. सामायिक रेपोत पुश झालं की ड्राफ्टचं पब्लिक होतं आणि रिबेससारख्या कमांड त्याला हात लावायला नकार देतात. हट्टाने उलटवता येतं, पण त्यासाठी वेगळी कमांड मुद्दाम द्यावी लागते. तुमचं म्हणणं अगदी हेच आहे, आणि मला ते पटतं. इथे गिट कमी पडलं.

आणि हे वाचून तुम्हाला राग येईल: बेअर रेपो बनवताना इनिट या कमांडला "शेअर्ड" हा पर्याय दिला असता, तर गिटने आपणहूनच असे पुश नाकारले असते. तो पर्याय दिला की "डिनाय नॉन फास्ट फॉरवर्ड्स" ही सेटिंग चालू होते. नुसतं "बेअर" दिलं की बंद राहते. तुमचा रेपो पार्टनरनेच बनवला असणार.

---

मंगरूळचा_काटा

ताई, त्यानंच बनवला. राग आला.

रेफलॉग पाह्यला. माझी मुदत टळून गेली, यादी आहे ती अलीकडचीच. पोराले फोन केला तं तो म्हणते त्याचा लॅपटॉप मामाच्या घरी मानोऱ्याले आहे, हंगाम उरकल्यापासून उघडलाच नाही. म्हणजे त्यानं पुलही केला नसावा. उद्या जातो.

---

दारव्हेकर

मी अडवण्याच्याही पुढे जाईन. पुसायची सोय मुळातच नको, लॅपटॉपवरही नको.

माझे वडील तलाठी होते. सातबारावर नाव कमी करायचं असलं तरी कोणी खोडरबर घेऊन बसत नव्हतं. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार, त्याला नंबर, मग जुन्या नावाला कंस, आणि नवं नाव खाली फेरफाराच्या नंबरासकट. लिहिण्यातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. तिथेही आदेश निघतो, त्याचीही नोंद होते. कंसातलं नाव वाचता येतं म्हणून तर भावाभावांच्या भांडणात काहीतरी हाती लागतं.

फॉसिल नावाचं टूल याच चालीनं चालतं. एसक्यूलाइट हा डेटाबेस लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांचं आहे, आणि एसक्यूलाइटचा कोड त्यातच राहतो. त्यात रिबेस नाहीच. कमिटचा मेसेज सुधारायचा तर सुधारणेची वेगळी नोंद जोडली जाते. दाखवताना नवा मेसेज दिसतो, मूळ पोटात राहतो. तुमचे "लाइन गेली" वाले कमिट राहिले तर बिघडलं काय? घडलं ते तसंच घडलं ना. कचरा दिसू नये ही दाखवण्याची अडचण आहे. त्यावर उपाय दाखवण्यात शोधा, साठवलेल्याला हात नको. गिटमध्येसुद्धा लॉगला "फर्स्ट पेरेंट" लावला की फक्त मुख्य रांग दिसते, मर्ज करून जोडलेल्या बाजूच्या रांगा लपतात.

शिवाय तुमची उत्पादक कंपनी आहे, म्हणजे कंपनी कायद्यात बसते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे: प्रत्येक बदलाचा लॉग, तारखेसकट, आणि तो बंद करता येऊ नये. हिशेबाला हा नियम लागतो तर हिशेब करणाऱ्या कोडला का नको?

---

वर्धाकाठची

दारव्हेकर, ऑडिट ट्रेलचा नियम नोंदींना आहे: कोणती पावती कोणी कधी बदलली. सोर्स कोडची हिस्टरी त्यात येत नाही. दोन्ही एकत्र केलं तर उद्या कोणीतरी ऑडिटरला गिट लॉग दाखवायला जाईल. बाकी फॉसिलबद्दल बरोबर.

---

बडनेरा_जंक्शन

दारव्हेकर दादांचं वाचायला छान वाटतं, पण खरेदी केंद्राची नोंदणी कधी बघितली का? शेतकऱ्याचा आधार, पासबुक, सातबारा, मोबाइल नंबर, सगळं घेतात. आता सांगा, एखाद्यानं चाचणीसाठी म्हणून खऱ्या शेतकऱ्यांची सीएसव्ही फाइल रेपोत टाकली तर? फाइल पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी मागच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी आहे. ज्याच्याकडे क्लोन, त्याच्याकडे गावाचे आधार नंबर. इथं "घडलं ते तसंच राहू द्या" म्हणणार का? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा लोकांना माहिती पुसून मागायचा हक्क देतो. तुमच्या फॉसिललाही शेवटी "शन" ही सोय ठेवावीच लागली ना, नको तो मजकूर हद्दपार करायला.

मी हे काम एका ठिकाणी केलं आहे. गिटमध्ये त्यासाठी "फिल्टर रेपो" वापरतात, जुना "फिल्टर ब्रँच" नको, तो हळू चालतो आणि त्यात खड्डेही फार. पण निम्मं काम कमांडच्या बाहेरचं आहे. सगळ्यांना एका दिवशी काम थांबवायला सांगायचं, हिस्टरी गाळायची, फोर्स पुश, आणि प्रत्येकानं जुना क्लोन टाकून नवा घ्यायचा. एकानं जरी जुन्या क्लोनवरून मर्ज करून पुश केलं की सगळा कचरा परत आत. पासवर्ड किंवा की गेली असेल तर ती आधी बदला, हिस्टरी नंतर. बाहेर गेलेला पासवर्ड पुसला म्हणून परत गुप्त होत नाही.

तर मुभा हवी. पण ती एकट्या माणसाच्या हाती, झोपेतून उठून वापरता येईल अशी नको.

---

दारव्हेकर

आधारचं मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण "आधारसाठी मुभा ठेवली" म्हणता म्हणता ती "मला हिस्टरी सुबक दिसावी" यासाठी वापरली जाते, इथे तेच झालं. हद्दपारी ही ॲडमिननं करायची गोष्ट, फॉसिलमध्ये तशीच आहे. सुबकपणासाठी माझा विरोध कायम.

---

वर्धाकाठची

लॅपटॉपवरच्या रिबेसलाही विरोध म्हणजे जरा अतीच. मी दिवसभरात दहा अर्धवट कमिट करते आणि संध्याकाळी त्यांचे तीन नीट करते. ते दहा कोणाला वाचायचे आहेत? उलट असे जोडून नीट केलेले कमिटच पुढे रिव्हर्ट करता येतात. यांच्या पोराचा ओलाव्याचा कमिट कामाचा होता, कारण त्यात एकच बदल होता. पार्टनरची चूक दोन ठिकाणी झाली: पुश झालेलं गुंडाळलं, आणि वेगवेगळे बदल एकात गुंडाळले. "लाइन गेली" वाले कमिट पुश होण्याआधी त्यांच्या शेजारच्या कमिटमध्ये फिक्सअप करून (मिसळून) टाकले असते तर मीच टाळी दिली असती.

आणि फोर्स पुश स्वतःच्या ब्रँचवर लागतोच, तेव्हा "फोर्स विथ लीज" वापरा. तुम्ही शेवटचं बघितल्यानंतर दुसऱ्या कोणी तिथे काही ढकललं असेल तर तो थांबतो. फक्त एक काळजी घ्या: तुमचा एडिटर पाठीमागून आपोआप फेच करत (सर्व्हरवरची ताजी स्थिती आणत) असेल तर लीज फसते, कारण गिटला वाटतं तुम्ही ते बघितलं आहे.

---

मंगरूळचा_काटा

मानोऱ्याहून आलो. पोराच्या लॅपटॉपवर सगळं जसंच्या तसं आहे, "चालते का पाहा" सकट. मामाकडं नेट नव्हतं म्हणून वाचलं. ताईनं सांगितल्यासारखी ब्रँच काढली, "हंगाम-२०२४" नाव दिलं अन् सर्व्हरवर ढकलली. मेनले हात लावला नाही.

ओलाव्याचा कमिट मेनवर रिव्हर्ट केला. एका फाइलीत कॉन्फ्लिक्ट आला, पोरानं नंतर त्याच स्क्रीनवर तुरीची ओळ टाकली होती. ते त्यानंच बसून सोडवलं अन् रिव्हर्टच्या मेसेजमध्ये जुन्या कमिटचा हॅश राहू दिला. ज्याले दाखवायचं त्याले आता दोन्ही कमिट दाखवता येतील, त्याच्या नावानिशी.

सर्व्हरवर "डिनाय नॉन फास्ट फॉरवर्ड्स" चालू केलं, अन् रेफलॉगही चालू केला. मंग समजलं की ही सेटिंग अख्ख्या रेपोले लागते, म्हणजे आपापल्या ब्रँचवरही फोर्स पुश बंद. पार्टनर लगेच त्यावर बोट ठेवून राह्यला, अन् ते त्याचं बरोबर आहे. म्हणून ती काढून एक छोटा अपडेट हुक (पुश आला की सर्व्हरवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लिहून राह्यलो: मेन अन् "हंगाम" नं सुरू होणाऱ्या ब्रँच मागं सरकू द्यायच्या नाहीत, पुसूही द्यायच्या नाहीत, बाकी ज्याच्या त्याच्या. बडनेरावाल्या भाऊचं आधारवालं प्रकरण आलंच तं हुक बंद कराले दोघांनी सर्व्हरवर बसावं लागेल असं ठरवलं. पासवर्ड अर्धा त्याच्याकडं, अर्धा माझ्याकडं. हे कोण्या टूलनं दिलेलं नाही, आमचं गावठी आहे.

पार्टनरले सगळं पटलं असं नाही. तो म्हणते मेनवर "लाइन गेली" आला तं तो मर्जच करणार नाही. ते मले चालते.

ताई, हुकमध्ये नवा हॅश जुन्याचा वंशज आहे का ते "मर्ज बेस"ले "इज अँसेस्टर" लावून तपासून राह्यलो. ब्रँच पहिल्यांदा येते तेव्हा जुना हॅश सगळे शून्य असते, तिथं अडखळते. तेवढं आधी वगळू ना?

---

वर्धाकाठची

हो, जुना सगळे शून्य असेल तर थेट सोडून द्या. नवा सगळे शून्य असेल तर ते डिलीट, त्याला मेनवर आणि हंगामवर नाही म्हणा. या दोन्ही तपासण्या मर्ज बेसच्या आधी लिहा.